आधी डावा हात

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इआयदो, म्हणजे म्यानातून तलवार उपसता उपसता वार करायची जपानी विद्या, शिकायचं ठरवलंस, छान केलंस. प्रश्न मात्र दोनच विचारलेस: तलवार कुठली घेऊ, आणि कापायला कधी मिळेल? दोन्ही उजव्या हाताचे प्रश्न. मला डाव्या हाताबद्दल लिहायचंय.

आधी थोडं मूळ सांगतो. सोळाव्या शतकात उत्तर जपानच्या देवा प्रांतात (हो, आपल्या 'देवा'सारखंच), आजच्या यामागातातल्या मुरायामात, हायाशिझाकी जिनसुके होऊन गेला. बापाच्या खुनाचा सूड उगवायचा म्हणून तो देवळात अनुष्ठानाला बसला आणि तलवार उपसता उपसताच वार करायची विद्या त्याला तिथे गवसली, अशी आख्यायिका. खरंखोटं कोण सांगणार. देऊळ मात्र अजून आहे. त्याच्या गुरुपरंपरेत सातव्या पिढीतला हासेगावा एइशिन मोठा, पुढे ही परंपरा तोसात, म्हणजे आजच्या कोचीत, रुजली. १८७६ मध्ये सरकारने कमरेला तलवार लावून फिरायला बंदी केली, तरी सराव पार थांबला नाही. याच परंपरेतल्या ओए मासामिचीने इकडेतिकडे पसरलेले प्रकार नीट लावले आणि विसाव्या शतकात नाकायामा हाकुदो या तलवारबाजामुळे 'इआयदो' हे नाव रुळलं. केंदो (जपानी तलवारबाजी) महासंघाने १९६९ मध्ये सात काता, म्हणजे हालचालींचे नेमके क्रम, ठरवल्या, आता १२ आहेत. तुझी सुरुवात बहुधा त्यांच्यापासूनच होईल.

पहिली काता 'माए'. वज्रासनासारखं बसायचं. समोरचा हल्ल्याच्या बेतात आहे हे ओळखून त्याच्या कानशिलावर आडवा वार, मग डोक्यावरून उभा. नंतर रक्त झटकायचं. (एका झटक्यात पातं स्वच्छ होतं असं मात्र समजू नकोस.) शेवटी तलवार म्यानात. बघणाऱ्याला यात उजवा हातच दिसतो. पण परज अंगठ्याने पुढे ढकलून तलवार सैल करतो तो डावा, आणि टोक बाहेर पडायच्या क्षणी म्यान मागे खेचतो तोही डावाच. तो आळसला की पातं लाकूड तासतं.

हे मला चौथ्या वर्षी कळलं. आरशासमोर माझा वार झकास दिसायचा, म्हणून स्वारी खूश होती. एकदा सरावानंतर गुरुजींनी माझं म्यान मागून घेतलं, पालथं केलं आणि माझ्याच तळहातावर दोनदा ठोकलं. चिमूटभर भुसा पडला. म्यानाच्या तोंडाशी, धारेच्या बाजूला, नखाएवढी खाच पडली होती. ते एवढंच म्हणाले, "धार असती तर बोटं गेली असती." त्यानंतर तीन महिने मी वार सोडून फक्त तलवार म्यानात घालत होतो. पात्याची पाठ डाव्या मुठीवरून सरकवत न्यायची, टोक म्यानाच्या तोंडात आपसूक उतरलं पाहिजे, आणि नजर समोर, खाली नाही. खाली बघितलंस की समोरचा नजरेतून निसटला असं समज.

आता तुझे प्रश्न. पहिले काही महिने लाकडी तलवार पुरेल, तिला प्लास्टिकचं म्यान मिळतं. मग इआयतो घे: जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, बिनधारेची. टोक तिचंही लागतं, गाफील राहू नकोस. लांबी तुझ्या उंचीवरून तुझे शिक्षक ठरवतील, त्यांना विचारल्याशिवाय ऑनलाइन काही मागवू नकोस. भिंतीवर टांगायची स्वस्तातली तलवार तर अजिबात नको; मूठ सैल असते, फिरवताना पातं निसटून कुणाच्या अंगावर जाईल. कापणं हा वेगळा सराव आहे, गुंडाळलेल्या भिजवलेल्या चटईवर करतात. इआयदोत त्यावाचून वर्षानुवर्षं काही अडत नाही.

इआयतो आली की दर रविवारी म्यान पालथं करून तळहातावर ठोक. किती भुसा पडला, ते मला कळव.