वाचकांचे प्रश्न : ब्लॅकबर्नची बढती आणि पुणे

मागील अंकात परदेशी क्लबांच्या भारतीय मालकांविषयी लिहिताना मी पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजने घेतलेल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या 2017-18 मधील बढतीचा, म्हणजे वरच्या श्रेणीत जाण्याचा, उल्लेख ‘मोठी कामगिरी’ असा केला आणि तो विषय एका वाक्यात उरकला. त्या एका वाक्याने पुण्यातील बऱ्याच वाचकांचे समाधान झाले नाही आणि त्यांची तक्रार मला मान्य आहे. आलेल्या पत्रांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आपण ज्याला मोठी कामगिरी म्हणता, ती मी गुणतालिकेत शोधली. हा संघ त्या वर्षी इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत होता आणि तिथेही पहिला आला नाही, दुसरा आला. तिसऱ्या श्रेणीतील दुसऱ्या क्रमांकाचे एवढे कौतुक कशासाठी? (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : आपला प्रश्न रोखठोक आहे आणि त्याचे उत्तर द्यायचे तर आदल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल.

ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधील कापडगिरण्यांचे जुने गाव. तिथला हा क्लब 1875 साली स्थापन झाला. 1888 साली इंग्लंडमध्ये फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हाच्या बारा संघांत तो होता आणि 1992 साली सर्वांत वरच्या श्रेणीची प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हाही होता. हे दोन्ही मान मिळालेले क्लब फक्त तीन आहेत. उरलेले दोन म्हणजे एव्हर्टन आणि अ‍ॅस्टन व्हिला. एफए कप ही इंग्लंडची मानाची बाद स्पर्धा या क्लबने सहा वेळा जिंकली. पोलादाच्या व्यवसायात पैसा कमावलेल्या जॅक वॉकर यांनी आपल्या गावच्या या संघावर तो सढळ हाताने खर्च केला, केनी डॅल्ग्लिश यांना प्रशिक्षक म्हणून आणले आणि 1994-95 मध्ये अ‍ॅलन शिअररच्या 34 गोलांच्या बळावर ब्लॅकबर्न मँचेस्टर युनायटेडला एका गुणाने मागे टाकून प्रीमियर लीगचा विजेता झाला. अशा घराण्यातला हा संघ 7 मे 2017 रोजी तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीग जिंकल्यानंतर तिसऱ्या श्रेणीपर्यंत खाली आलेला तो पहिलाच क्लब होता.

त्या दिवशी ब्लॅकबर्न ब्रेंटफर्डच्या मैदानावर 3-1 असा जिंकला होता. जिंकूनही तो खाली गेला, कारण त्याच वेळी नॉटिंगहॅम फॉरेस्टने इप्सविचला 3-0 असे हरवले आणि बर्मिंगहॅमनेही आपला सामना जिंकला. फॉरेस्ट आणि ब्लॅकबर्न या दोघांचेही 51 गुण झाले आणि गोलफरकात (केलेले वजा स्वीकारलेले गोल) ब्लॅकबर्न दोन गोलांनी कमी पडला. 46 सामन्यांच्या हंगामात दोन गोल म्हणजे किती, याचा विचार केला की आजही मला हळहळ वाटते.

खाली घसरलेला क्लब लगेच वर येईल, असे इंग्लंडमध्ये कोणी गृहीत धरत नाही. सामन्यांच्या प्रक्षेपणातून मिळणारे उत्पन्न आटते, चांगले खेळाडू निघून जातात, प्रेक्षक कमी होतात आणि पगार मात्र वरच्या श्रेणीतलेच द्यावे लागतात. 2018 साली तिसऱ्या श्रेणीत गेलेल्या संडरलँडला तिथून बाहेर पडायला चार हंगाम लागले. ब्लॅकबर्न एकाच हंगामात परतला, हे माझ्या कौतुकाचे पहिले कारण.

दुसरे कारण आकड्यांत आहे. नव्या हंगामाचे पहिले दोन्ही सामने ब्लॅकबर्न हरला. साउथएंडला 2-1 आणि स्वतःच्या इवुड पार्कवर डॉनकॅस्टरविरुद्ध 3-1. आधीच दुखावलेल्या गावाला यापेक्षा वाईट सुरुवात मिळाली नसती. त्यानंतरच्या 44 सामन्यांत मात्र हा संघ केवळ चारदा हरला. हंगामअखेर 28 विजय, 12 बरोबरी, 6 पराभव, 82 गोल केलेले आणि 40 स्वीकारलेले, असा त्याचा हिशेब होता आणि गुण 96. आदल्या वर्षी याच श्रेणीत बोल्टन 86 गुणांवर दुसरा येऊन वर गेला होता. त्याच्याही आदल्या वर्षी विगनने 87 गुणांवर थेट विजेतेपद मिळवले होते. ब्लॅकबर्नच्या नशिबी त्या वर्षी पुन्हा विगनच आले आणि विगनने 98 गुण केले. एफए कपमध्ये पेप गार्डिओला यांच्या मँचेस्टर सिटीला 1-0 असे हरवून बाहेर काढणारा विगनचा तो संघ होता. त्याच्याहून दोन गुण मागे राहणे, यात मला कोणतेही न्यून दिसत नाही.

शिवाय बढतीच्या शर्यतीत दुसरा क्रमांक हा उपविजेत्याचा क्रमांक नसतो. पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही संघांना वरच्या श्रेणीचे दार सारखेच उघडते. खरी भिंत दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या मध्ये असते. त्या भिंतीच्या पलीकडे त्या वर्षी कोण अडकले, ते पुढील उत्तरात येईल.

प्रश्न : तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या संघांचे काय होते? प्ले-ऑफ म्हणजे नेमके काय? (महाविद्यालयीन विद्यार्थी, कोथरूड)

उत्तर : तिसऱ्या श्रेणीला ‘लीग वन’ म्हणतात, तिच्यावर ‘चॅम्पियनशिप’ आणि सर्वांत वर प्रीमियर लीग. लीग वनमध्ये 24 संघ असतात आणि प्रत्येक संघ उरलेल्या 23 संघांशी एकदा घरी आणि एकदा बाहेर खेळतो. पहिले दोन संघ थेट वर जातात. आपण विचारलेल्या चार संघांत प्ले-ऑफच्या दोन उपांत्य लढती होतात, प्रत्येक लढत दोन सामन्यांची असते आणि त्यांतील विजेत्यांचा अंतिम सामना लंडनच्या वेम्बली मैदानावर होतो. तो जिंकणारा संघ वर जाणारा तिसरा.

2018 मध्ये श्रूजबरी टाउन हा लहानशा गावचा संघ 87 गुणांवर तिसरा आला. अंतिम सामन्यात तो जादा वेळेत रॉदरहॅमकडून 2-1 असा हरला. रॉदरहॅमचे लीगमधील गुण होते 79. म्हणजे आठ गुण जास्त मिळवलेला संघ खाली राहिला आणि कमी गुणांचा संघ वर गेला. नियम सर्वांना आधीपासून ठाऊक असतात, त्यामुळे याला अन्याय म्हणता येणार नाही. परंतु ब्लॅकबर्नच्या पाठीराख्यांना दुसऱ्या क्रमांकाचे एवढे मोल का होते, ते श्रूजबरीकडे पाहिले की कळते.

प्रश्न : शाळेच्या संघाला शिकवताना मी मुलांना नेहमी सांगतो की गोल करणे हे आघाडीच्या खेळाडूंचे काम आहे. मी मात्र वाचले की त्या हंगामात ब्लॅकबर्नच्या एका बचावपटूने 14 गोल केले. हा मुद्रणदोष तर नव्हे? (क्रीडाशिक्षक, खडकी)

उत्तर : मुद्रणदोष नाही, सर. चार्ली मल्ग्र्यू हा स्कॉटलंडकडून खेळलेला मध्य बचावपटू त्या संघाचा कर्णधार होता आणि लीगमध्ये त्याने खरोखरच 14 गोल केले. त्याचा डावा पाय फार नेमका. फ्री किक आणि पेनल्टी तो घ्यायचा, कॉर्नरच्या वेळी उंचीचा फायदा घेत गोलपाशी जायचा. चेंडू थांबलेला असताना जे गोल होतात, ते सराव करून वाढवता येतात, हे आपल्या मुलांना मल्ग्र्यूच्या उदाहरणावरून अवश्य सांगावे. खडकीच्या मैदानावर त्यासाठी एक भिंत आणि रोजची वीस मिनिटे पुरेत.

त्या संघाचे बळ मला याच वाटणीत दिसते. ब्रॅडली डॅक हा आक्रमक मध्यरक्षक 2017 च्या उन्हाळ्यात जिलिंगहॅमकडून आला होता. त्याने 18 गोल केले आणि त्या हंगामातील लीग वनचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बचावफळी आणि मध्यफळी यांच्या मधल्या अरुंद जागेत चेंडू घेऊन गर्रकन वळण्याची त्याची लकब पाहण्यासारखी होती. आघाडीवीर डॅनी ग्रॅहमने 14 गोल केले. जानेवारीत न्यूकॅसलकडून काही महिन्यांसाठी लोनवर आलेल्या अ‍ॅडम आर्मस्ट्राँगने अर्ध्या हंगामात 9. या चौघांचे मिळून 55 गोल होतात आणि त्यांतले 14 एका बचावपटूचे आहेत. प्रतिस्पर्ध्याने कोणावर पहारा ठेवायचा? एकट्या डॅकला अडवून ब्लॅकबर्नला अडवता येत नव्हते. मागे गोलरक्षक होता डेव्हिड राया, जो पुढे ब्रेंटफर्डमार्गे आर्सेनलपर्यंत पोहोचला.

प्रश्न : पुण्याच्या उद्योगसमूहाने हा क्लब घेतला याचा आम्हाला अभिमान वाटला होता. नंतर तिथले लोक या मालकांवर चिडल्याच्या बातम्या वाचल्या. पुणेकरांनी त्या क्लबचे भले केले की नुकसान? (ज्येष्ठ नागरिक, चिंचवड)

उत्तर : काका, या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देणे कोणावर तरी अन्याय केल्यासारखे होईल.

व्यंकटेश्वरा हॅचरीज म्हणजे डॉ. बी. व्ही. राव यांनी उभा केलेला कुक्कुटपालनाचा उद्योग. त्याचे मुख्यालय सिंहगड रस्त्यावर आहे. त्यांच्या पुढच्या पिढीने नोव्हेंबर 2010 मध्ये वॉकर कुटुंबाच्या ट्रस्टकडून सुमारे 2 कोटी 30 लाख पौंडांना क्लब घेतला. काही आठवड्यांतच अनुभवी प्रशिक्षक सॅम अ‍ॅलर्डाइस यांना काढण्यात आले. मे 2012 मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली आला; हे ज्या सामन्यात ठरले, त्यात चिडलेल्या प्रेक्षकांतून मैदानात एक कोंबडी सोडण्यात आली होती आणि तिच्या अंगावर क्लबचा झेंडा गुंडाळलेला होता. पुढच्याच हंगामात एक प्रशिक्षक 57 दिवस टिकला आणि त्याच्यानंतरचा 67 दिवस. संघ बांधायला वर्षे लागतात. जिथे माणूस दोन महिन्यांतच बदलतो, तिथे खेळाडूंनी कोणाचे ऐकायचे? सुरुवातीचे निर्णय चुकले, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ब्लॅकबर्नच्या लोकांचा राग मला समजतो. जी गोष्ट आजोबांनी नातवाला हाताला धरून दाखवली, ती डोळ्यांदेखत ढासळत गेली तर कोणीही चिडेल.

तरीही 2017 च्या उन्हाळ्यात या मालकांनी जे केले, ते त्यांच्या खाती जमा करायलाच हवे. टोनी मोब्रे फेब्रुवारी 2017 मध्ये प्रशिक्षक म्हणून आले होते आणि त्यांना संघाला वाचवता आले नव्हते. आधीचा शिरस्ता पाहता त्यांनाही निरोप मिळायला हवा होता. मालकांनी त्यांना ठेवले. डॅकसारख्या खेळाडूंसाठी पैसे दिले, महत्त्वाचे बरेचसे खेळाडू राखले आणि पहिले दोन सामने हरल्यावरही हात आखडता घेतला नाही. मोब्रे यांनी 2008 साली वेस्ट ब्रॉमविच अल्बियनला चॅम्पियनशिपचे विजेतेपद मिळवून प्रीमियर लीगमध्ये नेले होते. वर कसे जायचे हे त्यांना ठाऊक होते, त्यांना हवा होता तो वेळ. तो वेळ त्यांना मिळाला, हेच माझ्या मते त्या हंगामाचे सर्वांत मोठे कारण आहे आणि त्याचा निर्णय पुण्यातून झाला. चुकांचा वाटा आपण पुणेकर म्हणून लपवू नये, तसा हा वाटाही नाकारू नये.

प्रश्न : आपल्याकडे असे वर-खाली का होत नाही? (वाचक, कॅम्प)

उत्तर : स्थानिक पातळीवर होते. पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेच्या लीगमध्ये श्रेणी आहेत. ढोबरवाडीच्या मैदानावर एखाद्या दुपारी जाऊन बसलात तर तिथेही बढतीसाठी जिवाच्या आकांताने खेळणारी मुले दिसतील. देशपातळीवर इंडियन सुपर लीग 2014 साली सुरू झाली, परंतु तिच्यात खालून वर येण्याचा मार्ग अनेक वर्षे नव्हता. 2022-23 ची आय-लीग, म्हणजे तिच्या खालची राष्ट्रीय लीग, जिंकून पंजाबचा संघ त्या मार्गाने वर गेलेला पहिला. आपला एफसी पुणे सिटी तोवर बंदही झाला होता.

प्रश्न : ब्लॅकबर्नचा संघ कधी पुण्यात आला होता का? (वाचक, औंध)

उत्तर : हो. ऑक्टोबर 2011 मध्ये बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात पुणे एफसी या दुसऱ्या पुणेकर क्लबशी त्यांचा मैत्रीपूर्ण सामना झाला आणि पाहुणे 3-0 असे जिंकले. अर्धे निळे आणि अर्धे पांढरे असे ते उभे विभागलेले शर्ट मी प्रत्यक्ष पाहिले ते तिथेच.

प्रश्न : हे सामने पुण्यात बसून पाहायचे किंवा ऐकायचे तर किती वाजता? घरच्यांची झोपमोड होईल का? (गृहिणी, सहकारनगर)

उत्तर : ताई, शनिवारचे सामने तिथे दुपारी तीनला असतात. इंग्लंडमध्ये घड्याळे उन्हाळ्यासाठी पुढे केलेली असताना आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि हिवाळ्यात साडेआठ. म्हणजे स्वयंपाक आणि सामना एकत्र जमतो. आठवड्याच्या मधले सामने मात्र कठीण, कारण तिथले पावणेआठ म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतरचे सव्वाबारा, आणि थंडीच्या दिवसांत सव्वा.

बढती नक्की झाली तो सामना अशाच एका मंगळवारी होता, 24 एप्रिल 2018 रोजी, आणि तोही डॉनकॅस्टरमध्ये, ज्या संघाने ऑगस्टमध्ये इवुड पार्कवर येऊन ब्लॅकबर्नला हरवले होते. घरचे झोपले म्हणून मी स्वयंपाकघरात, दिवा न लावता, कानात इअरफोन घालून समालोचन ऐकत बसलो होतो. ओट्यावर माझी चौकटीची वही होती. तीत मी ऑगस्टपासून प्रत्येक निकाल लिहीत आलो होतो आणि पहिल्या दोन ओळी लाल शाईच्या होत्या. एप्रिलचा उकाडा, पंखा बंद, कारण पंख्याच्या आवाजात समालोचकाचे शब्द हरवत होते. मध्यांतर गोलशून्य गेले. दुसऱ्या सत्राचाही बराच भाग तसाच गेला आणि मग उशिरा, फार उशिरा, मल्ग्र्यूचे नाव ऐकू आले. समालोचकाच्या आवाजामागे ब्लॅकबर्नहून आलेल्या त्या निळ्या-पांढऱ्या गर्दीचा आवाज इतका वाढला की पुढची काही वाक्ये मला कळलीच नाहीत. शेवटची शिट्टी झाली तेव्हा दोन वाजून गेले होते. मी मोबाइलच्या उजेडात वहीची ओळ भरली : डॉनकॅस्टर 0, ब्लॅकबर्न 1.

झोपमोड झाली ती फक्त माझी.