एडेसाचा मॅथ्यू : उताऱ्यांवर विसंबू नका, इतिवृत्त अथपासून वाचा

पहिल्या धर्मयुद्धावरील आपल्या प्रबंधासाठी आपण मात्तेओस उर्हायेत्सी, म्हणजे एडेसा (आजचे तुर्कस्तानातील उर्फा) येथील बाराव्या शतकातला आर्मेनियन इतिवृत्तकार मॅथ्यू, वाचत आहात. एकाच लेखणीतून फ्रँकांची, म्हणजे पश्चिम युरोपातून आलेल्या धर्मयोद्ध्यांची, स्तुती आणि निंदा कशी उतरते, इसवी सन काढण्यासाठी आर्मेनियन सालात ५५१ मिळवूनही तारखा का जुळत नाहीत आणि अशा लेखकाला साक्षीदार मानावे की नाही, असे आपण विचारले आहे. याच प्रश्नांत मीही दीर्घकाळ अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. मी आर्मेनियन भाषेचा तज्ज्ञ नाही. भाषांतरांच्या आधारे काम केलेला वाचक आहे, हे ध्यानात ठेवावे.

आपल्याजवळ १८६९ साली पॅरिसमध्ये निघालेला धर्मयुद्धविषयक आर्मेनियन साधनांचा खंड आहे, असे आपल्या मजकुरावरून दिसते. त्यात मॅथ्यूचे केवळ उतारे आहेत. माझा सर्वाधिक वेळ गेला तो याच ठिकाणी. एका मोठ्या ग्रंथालयाने त्या खंडाची नोंद ‘संपूर्ण इतिवृत्त’ अशी केली होती. मी शंका लेखी कळवली, तरी नोंद तपासण्याऐवजी ‘आमच्याकडे एवढेच आहे’ असे छापील उत्तर पुनःपुन्हा येत राहिले. खंड उघडून त्याचे शीर्षकपृष्ठ पाहण्याइतकीही तसदी कोणी घेतली नाही, याचा संताप मला आजही येतो, कारण अशा एका चुकीच्या नोंदीमुळे एखाद्या विद्यार्थ्याचे संपूर्ण सत्र वाया जाऊ शकते.

उताऱ्यांनी नेमके काय बिघडते? मूळ इतिवृत्त सन ९५२ पासून सुरू होऊन ११२९ पर्यंत येते आणि त्याचे तीन भाग आहेत. फ्रँक अवतरतात ते दुसऱ्या भागाच्या अखेरीकडे. तोवर मॅथ्यूने आर्मेनियन राज्यांचा ऱ्हास, बायझंटाईनांवरचा आपला रोष आणि सेल्जुक तुर्कांच्या स्वाऱ्या सांगून झालेल्या असतात. शिवाय अकराव्या शतकातील हॉव्हानेस कोझेर्न या विद्वानाच्या तोंडी घातलेल्या भविष्यवाणीत फ्रँकांच्या आगमनाची जागाही आधीच ठरलेली असते. हा पूर्वार्ध गाळला की मॅथ्यू चंचल वाटू लागतो. वास्तविक फ्रँक त्याला ईश्वरी योजनेतील पात्र म्हणून स्वागतार्ह वाटतात आणि एडेसाचे राज्यकर्ते म्हणून असह्य होतात. तिसरा भाग, म्हणजे ११०१ नंतरचा, त्यामुळेच कडवट आहे. ज्या लेखकाने सेल्जुक सुलतान मलिकशाहाच्या दयाळूपणाची मोकळ्या मनाने प्रशंसा केली, त्याला सरसकट धर्मांध ठरवणे मला तरी अन्यायाचे वाटते.

एक प्रसंग बारकाईने पाहा. १०९८ च्या मार्चमध्ये एडेसाचा अधिपती थोरोस मारला गेला. त्याच्यानंतर एडेसाची सत्ता घेणारा फ्रँक सरदार बाल्डविन याचा धर्मगुरू आणि इतिवृत्तकार, शार्त्रचा फुल्शर, हा प्रसंग थोडक्यात आटोपतो आणि दोष नगरवासीयांवर ठेवतो. मॅथ्यूही नगरवासीयांना सोडत नाही. मात्र त्यांच्या कटाला बाल्डविनची संमती होती आणि थोरोसला अभय देण्यासाठी त्याने पवित्र क्रुसावर घेतलेली शपथ मोडली, असे तो स्पष्ट लिहितो. येथे दोघांनाही आपापला पक्ष आहे. धर्मयुद्धाचा आणखी एक इतिवृत्तकार, आखेनचा आल्बर्ट, याचे कथन जवळ ठेवूनच या दोघांचे वाचन करावे.

तारखांचे म्हणाल, तर आर्मेनियन वर्ष ३६५ दिवसांचेच असल्याने त्याचा आरंभ मागे सरकत जातो. ५५२ मध्ये तो जुलैत होता, तर १०९८ पर्यंत फेब्रुवारीच्या अखेरीस आला. त्यामुळे ५५१ मिळवण्याचा नियम बहुतेक महिन्यांना लागू पडतो, परंतु जानेवारी आणि फेब्रुवारीचा बराचसा काळ पुढील इसवी सनात जातो. बाल्डविन फेब्रुवारीत एडेसात आला आणि थोरोस मार्चमध्ये मारला गेला. दोन्ही घटना १०९८ च्या असूनही आर्मेनियन गणनेत पहिली ५४६ मध्ये आणि दुसरी ५४७ मध्ये पडू शकते, ती याचमुळे. संख्यांबाबत मात्र सावध राहा. १११४ च्या भूकंपात मराश या शहरात चाळीस हजार माणसे मेली, हा मॅथ्यूचा आकडा विनाशाची भीषणता सांगतो. लोकसंख्येच्या हिशेबात तो धरू नये.

आरा दोस्तूरियन यांचे १९९३ सालचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर मिळवा. फ्रेंच येत असेल, तर द्युलोरिए यांचे १८५८ चे भाषांतरही शेजारी ठेवा. दोन्हींत केसूनचा धर्मगुरू ग्रिगोर याने ११६२ पर्यंत नेलेला पुढचा भाग जोडलेला आहे, तेव्हा त्यातील मजकुराचा दाखला देताना मॅथ्यूऐवजी ग्रिगोरचे नाव लिहावे.