२००३-०४ च्या सुमारास तो 'भुताचा गेम' इतका कसा पसरला? तेव्हा तर व्हॉट्सअ‍ॅपही नव्हतं!

तुम्ही म्हणताय तो बहुधा 'स्केरी मेझ', जेरेमी विंटररॉडने २००३ मध्ये केलेला. स्क्रीनवरच्या चक्रव्यूहातून माउसने ठिपका भिंतीला न लावता न्यायचा. तिसऱ्या टप्प्यात वाट इतकी चिंचोळी होते की माणूस आपोआप नाक स्क्रीनला टेकवतो, आणि नेमका तेव्हाच 'द एक्झॉर्सिस्ट' या भयपटातल्या भूतबाधा झालेल्या मुलीचा चेहरा, वर कानठळ्या बसवणारी किंकाळी! खरी हुशारी त्या वाटेत होती, चेहऱ्यात नाही.

पसरायला व्हॉट्सअ‍ॅप कशाला हवं? फ्लॅशच्या (तेव्हा ब्राउझरमध्ये गेम-ॲनिमेशन चालवणाऱ्या तंत्राच्या) फाइली छोट्या असत, डायल-अपवरही, म्हणजे फोनलाइनच्या संथ इंटरनेटवरही उतरायच्या. ईमेलवर फॉरवर्ड, ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवर स्क्रॅप (म्हणजे मेसेज). आणि जो दचकला तोच पुढचं गिऱ्हाईक शोधायचा. पुण्यात सायबर कॅफेत हे फार चालायचं. प्लायवूडच्या खोपट्यात हेडफोन लावलेला मित्र "अगं आई गं!" करून खुर्चीसकट मागे, आणि काउंटरवरचे काका, "ए, माउस आपटू नका रे!" (काकांना माउसचीच काळजी.)

जर्मनीतल्या के-फी कॉफीची जाहिरातही याच जातकुळीतली: हिरव्या डोंगरातून शांत चाललेली गाडी, मग एकदम झॉम्बी.