हात हलतो, पण वापरला जात नाही: ऑक्युपेशनल थेरपीबद्दल

अर्धांगवायूनंतर आपल्या वडिलांचा उजवा हात बऱ्यापैकी उचलला जातो, तरी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे करवून घेऊन ती पुन्हा जमवून देणारे उपचारतज्ज्ञ) त्यांना बटणे लावायला आणि मटार सोलायला बसवतात. यात वेळ वाया जातो का, असे आपण विचारले आहे. माझ्या आईच्या आजारपणात आमच्याही घरात हीच शंका होती, म्हणून सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही.

मेंदूचा मृत झालेला भाग परत येत नाही, पण त्याच्या आसपासचा भाग काम उचलतो की नाही, हे पुष्कळसे हाताच्या वापरावर ठरते. मेंदूसंशोधक रँडॉल्फ नुडो यांच्या १९९६ मधील प्रयोगात मेंदूला इजा झालेल्या ज्या माकडांकडून लहान खळग्यांतले खाणे बोटांनी काढण्याचा सराव करून घेतला, त्यांच्या मेंदूतील हात चालवणारा उरलेला भाग टिकला. सरावाविना तो आक्रसत होता. मटार सोलणे याच जातीचे काम आहे. आई अधू झालेला डावा हात ताटाच्या कडेवर नुसता ठेवून उजव्या हाताने आणि दातांनी शेंग फोडत असे. थेरपिस्टबाईंनी ताट डावीकडे सरकवले, शेंग डाव्या चिमटीत धरायला लावली आणि उजव्या हातात जाड मोजा चढवला. २२२ रुग्णांच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत चांगला हात असा बांधून ठेवण्याचा फायदा दिसला होता. मात्र मनगट आणि बोटे थोडी तरी उघडत असतील तरच हा उपाय चालतो, आणि तोल जात असेल तर तो घरच्या घरी मुळीच करू नये.

आम्हांला सर्वांत महागात पडले ते विम्याच्या दाव्यांचे कार्यालय. ज्या मुंबईत कमला निंबकर यांनी १९५० साली केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे देशातील पहिले विद्यालय सुरू केले, त्याच शहरात आम्हांला ‘फिजिओथेरपी चालू असताना ही दुसरी कशाला’ असे विचारले गेले. प्रत्येक वेळी नवा कागद मागितला जाई, पैसे अडकत, आणि त्यापायी सुधारणेला सर्वांत पोषक असलेल्या पहिल्या महिन्यांतच आईचे उपचार खंडित झाले. त्याचा राग मला आजही येतो.

म्हणून माझे आग्रहाचे मत असे की, न्यूरॉलॉजिस्टकडून ऑक्युपेशनल थेरपीची चिठ्ठी आजच वेगळी लिहून घ्यावी. तीत निदान, बंद पडलेली रोजची कामे आणि उपचाराचा कालावधी स्पष्ट असावा. पॉलिसीत रुग्णालयाबाहेरचे उपचार बसतात का, हेही आधी लेखी विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थेरपी थांबवू नये.