हर्निया : दुर्बीण की जागेपुरती भूल?

प्रश्न : वडील ६९ वर्षांचे, वजन ६० किलो. वाशीच्या घाऊक बाजारात माथाडी होते. उजव्या जांघेत हर्निया आहे, आडवे झाले की आत जातो. दमा आहे, प्रोस्टेटमुळे लघवीही रेंगाळते. एक डॉक्टर दुर्बिणीतून करा म्हणतात, दुसरे जागा बधिर करून. पूर्ण भूल न देता दुर्बिणीतून होतं का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : दुर्बिणीसाठी पोटात किंवा पोटाच्या भिंतीच्या थरांत वायू भरतात, त्यामुळे बहुधा पूर्ण भूलच लागते. जागा बधिर करून होते ती ५-६ सेंटिमीटर छेदाची उघडी शस्त्रक्रिया. तुमच्या वडिलांसाठी आम्हाला हीच योग्य वाटते. श्वासनळीत नळी घालावी लागत नाही आणि नंतर लघवी अडण्याचा धोकाही कमी.

इंजेक्शन थराथराने देतात : त्वचेत, चरबीत, मग बाहेरच्या स्नायूच्या पांढऱ्या पडद्याखाली ८-१० मिली. जांघेच्या नसा तिथूनच जातात, म्हणून दोन-तीन मिनिटं थांबायला हवं. घाई केली की रुग्ण कळवळतो आणि दोष भुलीवर येतो. हर्नियाच्या पिशवीच्या मानेशी आणि जांघेतल्या हाडाच्या उंचवट्याशी पुन्हा औषध लागतं. पिशवी ओढताना पोटात कळ आली तर वडिलांनी लगेच सांगावं.

जास्तीत जास्त मात्रा वजनावर ठरते. साधं लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) किलोमागे ४.५ मिलिग्रॅम, म्हणजे वडिलांना २७० मिलिग्रॅम : १ टक्क्याचे २७ मिली. रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या अ‍ॅड्रेनॅलिनसह किलोमागे ७ मिलिग्रॅम, म्हणजे ४२ मिली. सोबत बुपिव्हाकेन हे दुसरं बधिर करणारं औषध असेल तर दोन्हींचा हिशेब एकत्र. मात्रा जास्त झाली किंवा औषध रक्तवाहिनीत गेलं तर तोंडाभोवती मुंग्या येतात, कानात आवाज होतो, फिटही येऊ शकते. म्हणून भूलतज्ज्ञ, मॉनिटर आणि २० टक्के लिपिड इमल्शन (या विषबाधेवरचा उतारा) ऑपरेशन थिएटरमध्ये हवंच. हे आधी विचारा. सर्जन ही शस्त्रक्रिया जागा बधिर करून नेहमी करतात का, हेही विचारा. सवय नसलेल्या हातात ही पद्धत रुग्णाला जड जाते.

कमकुवत जागेला आधार म्हणून आत बसवायची जाळी साधारण १५ बाय ७.५ सेंटिमीटरची. ती हाडाच्या उंचवट्यापलीकडे २ सेंटिमीटर जायलाच हवी, आखूड पडली तर हर्निया तिथूनच परत येतो. जाळी बसली की रुग्णाला खोकायला सांगून ती तपासता येते.

हर्निया वृषणापर्यंत उतरलेला असेल, रुग्ण फार लठ्ठ किंवा फार घाबरट असेल तर जागा बधिर करण्याची पद्धत टाळतात. दोन्ही बाजूंना असेल तर दुर्बीण बरी.

दम्याचा पंप चालू ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच थांबवा. प्रोस्टेट आणि बद्धकोष्ठतेचे उपचार आधीच सुरू करा, कुंथण्याने टाक्यांवर ताण येतो.

फुगवटा कडक झाला, दुखू लागला, आत जाईना किंवा उलट्या झाल्या तर तो दाबून आत ढकलू नका. ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठा.