आधी चाकं, मग हलगी

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं. या वेळचे प्रश्न पाळणे आणि राईड चालवणाऱ्यांकडून, त्यांच्या आसपासच्यांकडून आले आहेत, म्हणून एकत्र घेतले.

प्रश्न : पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरच्या पार्कात आमची बंद हॉलमधली छोटी रोलर कोस्टर आहे. वीसेक वर्षं जुनी, एकच गाडी, पाच डबे, दहा सीट, फेरी सव्वा मिनिटाची. हॉलमध्ये अंधार असतो, पण पर्यटक म्हणतात, "नुसता खडखडाट आहे." सीटच्या मागे स्पीकर बसवून गाडीतच संगीत द्यायचं आहे. सुरुवात कुठून करावी? सामान काय लागेल?
— व्यवस्थापक, भिलार

उत्तर : सुरुवात चाकांपासून करा. तक्रार खडखडाटाची असेल तर वरून संगीत ओतून ती जाणार नाही. लोक कान दाबून उतरतील, एवढंच. पॉलियुरेथेनची चाकं एका जागी सपाट झाली आहेत का, चाक हाताने हलवल्यावर बेअरिंगमध्ये खेळ लागतो का, ट्रॅकच्या सांध्यावर बोट फिरवल्यावर पायरी जाणवते का, हे आधी पाहा. गाडी चढावर ओढून नेणाऱ्या लिफ्टवरची टकटक मात्र दोष नव्हे. ती गाडी मागे घसरू न देणाऱ्या खिट्टीची आहे. तो आवाज दाबायला कुणी खिट्टीखाली रबर चिकटवायला सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

चाकं बदलल्यावर रिकाम्या सीटवर, कानाच्या उंचीला आवाज मोजा. उताराला ८५ डेसिबलच्या आसपास आलात तर पुढे जा. ९५ च्या वर असाल तर संगीत ऐकू येण्यासाठी त्याहून मोठं वाजवावं लागेल. तसं करायचं नाही.

पुढचा मुद्दा वजनाचा. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडचं स्पेस माउंटन १९७७ साली सुरू झालं आणि त्याच्या गाड्यांत संगीत आलं १९९६ साली. पॅरिसच्या डिस्नेलँडमध्ये १९९५ साली तसलीच राईड उघडली, तेव्हा गाडीतला आवाज मूळ आराखड्यातच होता. नव्या आराखड्यात बॅटरीला, तारांना, चार्जिंगला जागा राखलेली असते. जुन्या गाडीत ती शोधावी लागते, आणि सापडेल ती जागा योग्य असेलच असं नाही.

तुमच्या मापाच्या गाडीचा अंदाज असा. सीटला दोन याप्रमाणे ४ इंची २० स्पीकर, सुमारे ९ किलो. बॅटरी ५, ॲम्प्लिफायर आणि प्लेअर २, तारा ४, पेट्या आणि ब्रॅकेट ८ ते १०. एकूण ३० किलोच्या आत. रिकामी गाडी १६०० किलोची आणि माणशी ७५ किलो धरले, तर भरलेल्या गाडीच्या तुलनेत ही वाढ सव्वा टक्क्याची. आकडा छोटा आहे, पण सगळं ओझं शेवटच्या डब्यात एका बाजूला टाकलंत तर त्याच बाजूची चाकं आधी झिजतील. बॅटरी आणि ॲम्प्लिफायर मधल्या डब्यात, जमेल तितके खाली आणि मध्यभागी ठेवा. एवढं करूनही उत्पादकाचं लेखी पत्र हवं. उत्पादक कंपनीच उरली नसेल, तर तुमच्या राईडला दरवर्षी प्रमाणपत्र देणाऱ्या अभियंत्याकडून प्रत्येक ॲक्सलच्या भाराचा हिशेब लेखी घ्या. तोंडी "चालेल" चालत नाही.

सीटच्या सांगाड्याला किंवा लॅपबारच्या (मांडीवर येणाऱ्या दांड्याच्या) कुठल्याही भागाला ड्रिल मारू नका, वेल्डिंग करू नका. भोकाच्या कडेला तडा सुरू होतो आणि रंगाखाली तो महिनोन्‌महिने दिसत नाही. आहेत त्याच बोल्टचा आधार घ्या: त्याच ग्रेडचा, जुन्यापेक्षा ब्रॅकेटच्या जाडीइतका जास्त लांब बोल्ट, आत नायलॉनचं कडं असलेला नवा लॉकनट, आणि ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क पाना राईडच्या पुस्तकातल्या आकड्यावर. प्रत्येक पेटीला आणि स्पीकरला शिवाय स्टीलची बारीक दोरी बांधा. बोल्ट सुटला तरी वस्तू मागच्या माणसाच्या तोंडावर जायला नको.

स्पीकर डोक्यामागे, कानापासून १५ ते २० सेंटिमीटरवर हवेत. २० सेंटिमीटरवरचा स्पीकर ८० वर नेला तर आवाज १२ डेसिबलने पडतो, आणि तो भरून काढायला सोळापट पॉवर लागते. म्हणून डब्याच्या कोपऱ्यात मोठा स्पीकर ठोकण्यापेक्षा जवळचे छोटे बरे. हेडरेस्टच्या खालच्या कडेला, किंचित वर तोंड करून बसवा. म्हणजे सव्वा मीटर उंचीच्या मुलालाही ऐकू येईल. कानाशी कमाल ९५ डेसिबल ही मर्यादा लिमिटरमध्ये (आवाज ठरल्या पातळीपुढे जाऊ न देणाऱ्या सर्किटमध्ये) कायमची बसवा. नुसत्या नॉबवर ठेवलीत तर दिवाळीच्या गर्दीत कुणीतरी तो फिरवतोच.

विजेचा हिशेब: संगीत चालू असताना स्पीकरला सरासरी २ वॉट म्हणजे ४० वॉट, ॲम्प्लिफायरच्या तोट्यासकट ४७. प्लेअर वगैरे सतत १० वॉट. निम्मा वेळ गाडी स्टेशनात असते असं धरलं तर दहा तासांत साधारण ३४० वॉट-तास. १२.८ व्होल्ट ४० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ५१२ वॉट-तासांची. तिचे ८० टक्केच वापरले तरी दिवस निघतो. तेच काम करणारी लेड-ॲसिड बॅटरी तिप्पट-चौपट जड असते. बॅटरीच्या धन टोकापासून १५ सेंटिमीटरच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज लावा. चार्जर त्याच रसायनाचा, १४.६ व्होल्टचा घ्या; गाडीच्या बॅटरीचा जुना चार्जर नको. बॅटरी काढून माणूस हजर असताना चार्ज करा. ट्रॅकलगत पट्टी टाकून धावत्या गाडीला वीज देण्याची कल्पना आकर्षक वाटते, पण ठिणग्यांची करकर थेट स्पीकरमध्ये उतरते. (वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात त्या पहाटे बाहेरच्या शेडमध्ये चार्जिंग नको, शून्याच्या खाली ही बॅटरी चार्ज केली की सेल कायमचे खराब होतात.)

तुमच्याकडची खरी शत्रू म्हणजे जून ते सप्टेंबरची ओल. कागदी कोनचे स्पीकर पहिल्याच पावसाळ्यात बुरशीने मऊ पडतात. पॉलिप्रॉपिलिनचा कोन आणि रबरी कड असलेले घ्या. पेटी पूर्ण हवाबंद केलीत तर रात्री गार पडल्यावर आतलीच वाफ सर्किटवर जमते. पेटीला पाणी अडवून हवा सोडणारा व्हेंट प्लग लावा, तारा खालून आत घ्या, सर्किटवर संरक्षक लेप द्या. तार अनेक बारीक धाग्यांची, टोकाला क्रिंप केलेला (दाबून बसवलेला) धातूचा लग. सोल्डर केलेलं टोक धक्क्यांनी सोल्डर संपतं तिथेच तुटतं.

शेवटची अट. ही यंत्रणा राईडच्या नियंत्रण पॅनेलला जोडायची नाही. ब्रेक, सेन्सर, आणीबाणीचं बटण यांच्या तारेला हात लावायचा नाही. गाडी आपली जागा स्वतः ओळखेल. ते पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : कोस्टरसाठी संगीताचा प्रोजेक्ट करतोय. गाडी सुटताना गाणं सुरू केलं तर दर फेरीला उतार आणि ठेका चुकतो. काय करावं?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कराड

उत्तर : चुकणारच. भरलेली गाडी रिकामीपेक्षा जोरात धावते, सकाळी ग्रीस घट्ट असतं, दुपारी सैल होतं. ४५ सेकंदांच्या धावेत तीन-चार सेकंदांचा फरक सहज पडतो. एकच लांब गाणं ठेवू नका, तुकडे करा: स्टेशन, लिफ्ट, पहिला उतार, वळणं, ब्रेक. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला ट्रॅकवर निओडिमियमचा चुंबक आणि गाडीखाली हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक जवळ आला की इशारा देणारा सेन्सर. २० मिमी व्यासाच्या चुंबकाला १० ते १५ मिमी अंतर चालतं, पण डबा वर-खाली किती खेळतो ते मोजूनच ठरवा. चुंबकाने पत्ती चिकटून चालणारा रीड स्विच स्वस्त असला तरी धक्क्यांनी खोटे इशारे देतो.

सेकंदाला १० मीटर वेगाने ३० मिमीचं चुंबकक्षेत्र ३ मिलिसेकंदांत पार होतं. प्रोग्राम लूपमध्ये सेन्सर वाचत बसला तर इशारा निसटतो, इंटरप्ट वापरा, म्हणजे इशारा येताच प्रोग्राम हातातलं काम थांबवून तो घेतो. नुसती मोजणीही ठेवू नका. एक चुंबक हुकला की पुढचं सगळं एक घर मागे पडतं आणि उताराला लिफ्टचं संगीत वाजतं. स्टेशनात शेजारी शेजारी दोन चुंबक लावा आणि डावा-उजवा असे दोन सेन्सर ठेवा. दोन्ही एकदम लागले की मोजणी शून्यावर.

प्रत्येक तुकडा गरजेपेक्षा पाच सेकंद लांब ठेवा. पुढचा इशारा आला की पाव सेकंदात जुना विरवा. आणि हे विसरू नका: ठरलेल्या वेळेत पुढचा चुंबक आलाच नाही, तर गाडी अडकली आहे. लिफ्टवर नेहमीच्या वेळेपेक्षा १५ सेकंद जास्त, बाकी ठिकाणी ५ सेकंद जास्त झाले, की संगीत बंद आणि मराठी-हिंदीतून सूचना: "जागेवर बसून राहा, लॅपबार ओढू नका, कर्मचारी येत आहेत." अंधारात अडकलेल्या माणसाच्या कानाशी ढोल वाजत राहिला तर तो उठून उतरायला बघतो. मेमरी कार्ड सॉकेटमधून हळूहळू सरकतं. त्यावर सिलिकॉनचा ठिपका द्या. फाईल एमपी थ्रीऐवजी डब्ल्यूएव्ही ठेवा, तुकड्यांमध्ये खाच पडत नाही.

प्रश्न : एका राईडसाठी ध्वनिमुद्रण करून मागितलं आहे. मालक चित्रपटगीतंच लावा म्हणतात. ते चालेल का? नाहीतर कुठली वाद्यं घ्यावीत?
— ध्वनिमुद्रक, मिरज

उत्तर : तिकीट घेऊन येणाऱ्यांना ऐकवणं म्हणजे सार्वजनिक सादरीकरण. त्याला ध्वनिमुद्रणाच्या हक्काचा परवाना वेगळा आणि गीतकार-संगीतकारांच्या हक्काचा वेगळा. मुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे "जुनं आहे, फुकट आहे" ही समजूत बहुतेक वेळा चुकीची निघते. गाण्याला ठरलेली लांबीही असते, आणि ती तुकडे पाडण्याच्या आड येते.

तुम्ही मिरजेत आहात, तर तंबोरा घ्या. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते सोडा. इथे त्याचा उपयोग वेगळाच आहे. सलग सुराला ठेका नसतो, म्हणून तो लिफ्टवर कितीही वेळ फिरवला, कुठेही तोडला तरी सांधा कळत नाही. दोन टोकं एक सेकंद एकमेकांवर चढवून विरवा. उताराला हलगी. चाकांची घरघर खालच्या पट्टीत असते आणि हलगीचा चटका वरच्या, म्हणून कमी आवाजातही ती आरपार येते. ढोलाचा घुमारा मात्र चाकांतच बुडतो. ४ इंची स्पीकरला तो झेपतही नाही. १५० हर्ट्झखालचं सगळं कापूनच द्या. स्टुडिओत पातळ वाटेल, गाडीत बरोबर वाटतं. वादकांशी मानधनाचा आणि वापराचा करार लेखी करा.

प्रश्न : पुसेगावच्या यात्रेत आमची ड्रॅगन ट्रेन असते. डब्यात ब्लूटूथ स्पीकर बांधला तर काम भागेल ना?
— राईडचालक, खटाव

उत्तर : नाही. पट्ट्याने बांधलेला स्पीकर वळणावर सुटतो आणि खाली रांग असते. गर्दीत ब्लूटूथ तुटतं, आवाजही उशिरा पोहोचतो. तुमची ट्रेन उघड्यावर आणि छोटी आहे. रिंगणाच्या आत दोन हॉर्न स्पीकर, तोंड ट्रॅककडे, एवढं पुरे. जनरेटरची गुणगुण येत असेल तर ॲम्प्लिफायर वेगळ्या बॅटरीवर चालवा. रात्री दहाला बंद करा. आणि भोंगा ऑपरेटरच्या डोक्यावर टांगू नका. तो तिथे दिवसभर उभा असतो, आणि कुणी ओरडलं तर ते त्यालाच आधी ऐकू यायला हवं.