सही करायच्या आधी हे वाच

अरे, कंपनीच्या फुटबॉल टीमचं कॉन्ट्रॅक्ट मिळतंय हा तुझा मेसेज तीनदा वाचला, खूप छान वाटलं, मनापासून अभिनंदन. पण शेवटी लिहिलंयस ना की "सर, मागे एवढी मोठी कंपनी आहे म्हणजे आता टेन्शन नाही", त्या एका वाक्यापाशी मी अडकलोय.

महिंद्रा युनायटेड तू फक्त नावाने ऐकली असशील. 1962 ला कंपनीची टीम म्हणून सुरू झाली, मुंबईत कूपरेज मैदानावर खेळायची, आणि 2005-06 ला डेरिक परेरा कोच असताना नॅशनल लीग, म्हणजे तेव्हाची देशातली सगळ्यात वरची लीग जिंकली, फेडरेशन कप पण त्याच सीझनला. तेव्हा कुणी म्हणालं असतं की ही टीम 2010 ला बंद होणार तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं. आणि कंपनी बुडाली म्हणून बंद झाली असंही नाही रे, कंपनी व्यवस्थित चालू होती, त्यांनी ठरवलं की आता शालेय फुटबॉलकडे वळायचं, झालं. पुढच्याच वर्षी पंजाबातल्या फगवाड्याची जेसीटी, कापड गिरणीची टीम, तीही बंद झाली. 1996-97 ची पहिलीवहिली नॅशनल लीग जिंकलेली टीम, भूतिया आणि विजयनसारखे भारताचे स्टार दोघं खेळले त्यात! कारण काय, तर फुटबॉल लोकांपर्यंत पोचतच नाही, टीव्हीवर दिसत नाही.

म्हणजे बघ, दोघांकडे ट्रॉफ्या होत्या. पण तिकिटांवर काही कुणाचा पगार निघत नव्हता, पैसा वरून यायचा आणि वरच्यांचा विचार बदलला की तुम्ही मैदानात काय केलंय हे कुणी विचारत नाही. मी ज्या टीममध्ये होतो तिथे (नाव नको) प्रॅक्टिस संपल्यावर दहा मिनिटांत सांगून टाकलं की टीम बंद. दुसऱ्या दिवशी सामान न्यायला गेलो तर किट सांभाळणारे काका सवयीने बिब्स (प्रॅक्टिसला घालायची रंगीत जाकिटं) धुऊन दोरीवर वाळत घालत होते, त्यांना काय बोलावं मला कळेना. ट्रान्सफर विंडो, म्हणजे टीम बदलायची मुदत, उलटून गेलेली, आमच्यातल्या चौघांचं अख्खं वर्ष घरी बसून गेलं.

नाही म्हणू नकोस, जा तू, पण बघून जा. टीम बंद झाली तर उरलेल्या महिन्यांचा पगार मिळणार का, एनओसी (दुसऱ्या टीमकडे जायला हरकत नाही असं पत्र) लगेच देणार का, गुडघा गेला तर ऑपरेशनचा खर्च कोणाचा, हे लेखी हवं, तोंडी नाही. आणि त्यांची अकॅडमी आहे का विचार, मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुणे एफसी 2012-13 ला आय-लीगमध्ये (नॅशनल लीगच्या जागी आलेली लीग) दुसरी आली आणि काही वर्षांत टीम गुंडाळली, पण त्यांच्या अकॅडमीत घडलेला आशिक कुरुनियन पुढे भारताकडून खेळला. पोरं घडवणारी जागा असेल तर तुला तिथून काहीतरी घेऊन निघता येईल.

कॉन्ट्रॅक्टच्या सगळ्या पानांचे फोटो पाठव, मागची बारीक अक्षरातली पण. आणि कॉलेजचा परीक्षेचा फॉर्म भरलास का? तो आजच भर, मग रात्री फोन कर.